नाताळची सजावट: पिस्ता भिंत, मरून सोफा, रंग कोणते घेऊ? (सोलापूर)

चिंचेची_सावली
नमस्कार मंडळी. यंदाचा नाताळ जुळे सोलापुरातल्या नव्या घरात. हॉल लहान, भिंती पिस्ता (बिल्डरची कृपा), सोफा मरून. सासूबाई म्हणतात, नाताळ म्हणजे लाल-हिरवा, त्यात विचार कसला करायचा? लेकीला निळं-चंदेरी हवंय. नवऱ्याचं म्हणणं, काहीही लावा पण मला स्टुलावर चढवू नका. झाड चार फुटी, प्लास्टिकचं. गव्हाणीचा (येशूजन्माच्या देखाव्याचा) सेट सासूबाईंचा, जुना, मातीचा. खर्च दोन हजारांच्या आत बसवायचाय आणि सजावट ६ जानेवारीला मागी लोक (बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी) येऊन जाईपर्यंत ठेवायचीय. सुचवा.

सातरस्ता
लाल-हिरवा. सासूबाई बरोबर आहेत. धागा बंद करा. 😄

कापडचोपड
ओ ताई, रंग राहू द्या, आधी हॉलमधला उजेड सांगा. पांढरी ट्यूब असेल तर सोनेरी रंग फिका पडतो आणि मरून पार काळपट दिसतो. माळा घेताना खोक्यावर 'वॉर्म व्हाइट' लिहिलंय का बघा, २७०० ते ३००० केल्विन. ६५०० वाली घेऊ नका. संध्याकाळी ट्यूब बंद करून नुसत्या माळा लावल्या तर अर्धं काम तिथंच होतं.

आता भिंत. पिस्त्यावर हिरव्या माळा लावल्या तर दोन्ही हिरवे एकमेकांशी भांडतात. हिरवा फक्त झाडाचा राहू द्या. भिंतीवर आणि दारावर मोतिया पांढरा आणि सोनेरी. लाल हवाच, पण तो भडक टोमॅटो लाल नको, सोफ्याच्या जवळचा मरून घ्या. सोनेरी गोळे सगळे चकचकीत घेऊ नका, निम्मे मॅट घ्या, नाहीतर लग्नाचा हॉल वाटतो.

नवी पेठेत जाताना कुशनचं एक कव्हर पिशवीत टाका. ब्लाउजपीसच्या मॅचिंगला साडी नेतो तसंच. आणि गोळा दुकानाच्या बाहेर उन्हात आणून बघा, आतल्या लाइटात सगळेच रंग छान दिसतात.

जुना_पियानो
सासूबाईंना सांगा, पांढरा-सोनेरी काही आजची फॅशन नाही. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळात जांभळा, त्यातल्या तिसऱ्या रविवारी गुलाबी, आणि नाताळला पांढरा किंवा सोनेरी, हे उपासनेचे रंग कितीतरी जुने. लाल-हिरव्यालाही आधार आहे म्हणा. जर्मनीत २४ डिसेंबरला आदाम-हव्वेचं नाटक व्हायचं, त्यात सदाहरित झाडाला लाल सफरचंदं टांगायचे. आपले लाल गोळे तिथपर्यंत जातात. म्हणजे तुमच्या घरात कुणीच चुकीचं नाही, फक्त हॉल लहान आहे.

सातरस्ता
हे मात्र माहीत नव्हतं. धागा उघडा ठेवा.

चिंचेची_सावली
@कापडचोपड ट्यूब पांढरीच आहे, माळा बदलते. पण लेकीच्या निळ्याचं काय करू? ती रुसून बसलीय.

हातमाग
गव्हाणीतल्या मरियेची ओढणी बघा, बहुतेक निळीच असेल. तोच निळा धरा आणि फक्त गव्हाणीच्या मागच्या पडद्याला द्या, गडद, रात्रीच्या आभाळासारखा. त्यावर चंदेरी चांदण्या लेकीला चिकटवू द्या. आकाशी घेऊ नका, पिस्त्याशेजारी तो धुऊन विटल्यासारखा दिसतो.

आणि सोलापुरात राहून झाडाच्या बुडाला बाजारातलं लाल फरचं कापड कशाला गुंडाळायलेत लोक, मला कळत नाही. मरून-क्रीम सोलापुरी चादर असेलच की घरात! चौघडी करून पसरा, नक्षी दिसली पाहिजे. बर्फ हवा असेल तर कापूस नको, माळांजवळ तो पेटायची भीती. जाड पांढरा टर्किश टॉवेल चुरगळून ठेवा. हसू नका, खरंच बर्फ वाटतो.

चिंचेची_सावली
ओढणी निळीच निघाली! लेक खूश. सासूबाई चादरीवर खूश. लालसाठी नर्सरीतून पॉइन्सेटियाची एक कुंडी आणू का?

कापडचोपड
आणा. दोन मोठे गोळे कमी घ्या आणि त्या पैशात कुंडी. ती लाल दिसतात ती फुलं नव्हेत, पानंच. रात्र मोठी झाली की रंगतात, म्हणून पूर्ण रंगलेलीच बघून घ्या. रोज थोडं ऊन लागेल अशी ठेवा. चीक अंगाला लागू देऊ नका.

चिंचेची_सावली
शेवटचं एक. गॅलरीतली चांदणी लाल कागदाची घेऊ की पांढऱ्या?

हातमाग
पांढऱ्या, आत पिवळा एलईडी, पाच वॅटचा पुरे. लाल कागद उजेड खातो, रस्त्यावरून नुसता अंधुक ठिपका दिसतो. जुना फिलामेंटचा बल्ब घालू नका, कागद करपतो. दिवाळीच्या आकाशकंदिलाची वायर आणि होल्डर चालेल, नवं काही घ्यायला नको.

सातरस्ता
आणि ६ जानेवारीला उतरवायची घाई करू नका. पांढरी आहे ना, संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत राहू द्या. तेवढंच दादांचं स्टुलावर चढणं लांबेल.