'मायसेल्फ' नेमकं कुठे?

सांगलीकर_स्नेहा: मुलाखतीच्या सरावात 'मायसेल्फ स्नेहा' म्हटलं, बाईंनी तिथेच थांबवलं. काय चुकलं?

मिरजेची_शिक्षिका: अगं, नाव सांगताना 'आय ॲम स्नेहा'. क्रिया करणाऱ्यावरच उलटली तर 'मायसेल्फ'. भाजी चिरताना सुरी लागली: 'आय कट मायसेल्फ'. आंघोळ, दाढी यांत ते गृहीतच असतं, नुसतं 'ही शेव्ह्ड' पुरतं. पण सहलीहून आल्यावर आपण सर्रास 'वी एन्जॉइड' म्हणून थांबतो, ते मला फार खटकतं. पुढे 'अवरसेल्व्ज' किंवा 'द ट्रिप' हवंच.

सांगलीकर_स्नेहा: आणि 'चहा मी स्वतः केला'?

मिरजेची_शिक्षिका: 'आय मेड द टी मायसेल्फ'. आपल्याकडे 'स्वतः' आणि 'स्वतःला' वेगळे, इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. गोंधळ तिथेच होतो बघ.

दादरकर: ईमेलमध्येही 'कॉन्टॅक्ट मायसेल्फ' नको, 'कॉन्टॅक्ट मी' लिही.