सार्क परिषदेत मतदान होतं का? अभिरूप परिषदेची नियमावली लिहायचीये, मदत करा

लातूरची_मुलगी:
नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजात पुढच्या महिन्यात अभिरूप (म्हणजे नकली, सरावाची) सार्क शिखर परिषद घ्यायची ठरलीये, सार्क म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांची संघटना, आठ देशांचे आठ गट पाडलेत आणि मला नेपाळ आलाय, म्हणजे यजमान पण मीच, अध्यक्ष पण मीच आणि नियमावली पण मलाच लिहायचीये. मी युवा संसदेसारखं लिहायला घेतलं होतं, ठराव मांडायचा, अनुमोदन, चर्चा, मग हात वर करून मतदान, आठपैकी पाच झाले की मंजूर. सर म्हणाले सार्कमध्ये असं नसतं, सार्कची सनद, म्हणजे तिची नियमांची मूळ कागदपत्रं, वाच. वाचली, छोटीशीच आहे, पण प्रत्यक्षात दोन दिवस तिथे काय चालतं ते त्यातून कळत नाही. ठराव लिहितं कोण? एखाद्याला पटलं नाही तर? आणि तिसऱ्या कलमात वर्षातून एकदा भेटायचं असं आहे, मग १९८५ ते २०१४ मध्ये १८च परिषदा कशा आणि पुढे एकही का नाही?

खडू_फळा:
सरांचं बरोबर आहे, पाचचा आकडा आधी खोड. दहावं कलम परत वाच, दोनच वाक्यं आहेत पण सगळी सार्क त्यात आहे: सगळ्या पातळ्यांवर निर्णय एकमताने, आणि द्विपक्षीय व वादग्रस्त विषय चर्चेतून वगळलेले. म्हणजे काश्मीर अजेंड्यावर घ्यायचाच नाही, तुमच्या भारत-पाकिस्तान गटांना आत्ताच सांगून ठेव, नाहीतर पोरं पहिल्या दहा मिनिटांत तिथेच जातात, मी हे वर्गात बघितलंय. आणि मालदीव नाही म्हणाला तर भारत नाही म्हणाल्याइतकंच ते अडतं.

आता कामाची रीत. परिषद खालून वर समजून घे. आधी सहसचिव पातळीची कार्यक्रम समिती बसते, मग परराष्ट्र सचिवांची स्थायी समिती, मग परराष्ट्रमंत्र्यांची मंत्रिपरिषद, आणि सगळ्यात शेवटी नेते. तुझ्या ठरावाच्या जागी तिथे सगळ्यांचा मिळून एक जाहीरनामा असतो, आणि त्याचा मसुदा नेते विमानातून उतरायच्या आधी जवळपास तयार असतो. खरी ओढाताण सचिवांच्या टेबलावर होते आणि ती शब्दांवरून होते, "करतील" ठेवायचं की "करण्याचा विचार करतील", कारण पहिल्यात बांधिलकी आहे आणि दुसऱ्यात सुटायला वाट आहे. तुमच्याकडे वेळ असेल तर मुलांना एक पूर्ण सत्र फक्त हे करू दे, भाषणांपेक्षा जास्त शिकतील.

मग उद्घाटनाला मावळता अध्यक्ष सुरुवात करतो आणि सूत्रं यजमानाकडे देतो, त्यानंतर भाषणं. २०१४ ला मालदीवने नेपाळकडे दिली. त्यानंतर परिषदच झाली नाही म्हणून अध्यक्षपद अजून नेपाळकडेच आहे, तेव्हा तुझा गट अगदी योग्य आहे :)

सांगलीकर_काका:
बेटा, १८ कशा झाल्या ते सांगतो, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. एक जरी देश येत नाही म्हणाला की परिषद भरत नाही, एकमत तारखेलाही लागू. १९८९ ला कोलंबोत व्हायची होती, पण भारताची शांतिसेना लंकेत असताना आम्ही यजमान होणार नाही असं श्रीलंकेने म्हटलं, मग १९९० ला मालेत झाली. १९९१ ला भूतानच्या राजांना यायला जमेना म्हणून कोलंबोची पुढे गेली आणि डिसेंबरात एका दिवसात उरकली. बाबरीनंतर ढाक्याची लांबून एप्रिल १९९३ ला. १९९९ ला पाकिस्तानात लष्कराने सत्ता घेतली तर काठमांडूची थेट जानेवारी २००२ ला झाली. २००५ ची ढाक्याची तर दोनदा हुकली, आधी त्सुनामी आणि मग नेपाळच्या राजांनी सरकार बरखास्त केलं, शेवटी नोव्हेंबर उजाडला. आणि २०१६ ला इस्लामाबादची ठरलेली असताना उरीचा हल्ला झाला, भारताने नकार दिला, बांगलादेश, भूतान, अफगाणिस्ताननेही दिला, तिथून जे थांबलं ते थांबलंच. माझं स्पष्ट मत, एकमताची अट ही चूक आहे. एवढ्या माणसांचा प्रदेश, आणि एका नकारावर सगळं बंद.

खडू_फळा:
काका, इतिहास अगदी बरोबर पण शेवटचं पटत नाही. १९८० मध्ये बांगलादेशच्या झियाउर रहमान यांनी ही कल्पना मांडली तेव्हा भारताला भीती की शेजारी एक होऊन आपल्याला कोंडीत पकडतील, आणि पाकिस्तानला भीती की भारत सगळ्यांवर दादागिरी करेल. एकमत आणि वादग्रस्त विषय बाहेर, या दोन अटींवरच दोघं एका खोलीत आले. बहुमत ठेवलं असतं तर १९८५ ला ढाक्यात सह्याच झाल्या नसत्या.

काठमांडूत_होतो:
मी २०१४ ला नोकरीनिमित्त तिथे होतो, २६ आणि २७ नोव्हेंबर. महिनाभर आधीपासून रस्ते डांबरणं, रंगरंगोटी चालू होती आणि शहरातले लोक खरंच मनापासून वाट बघत होते. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत बातम्यांत सगळं निराशाजनकच. वीज, मोटार वाहतूक आणि रेल्वे असे तीन करार सहीला तयार, आणि पाकिस्तान म्हणतंय आमची अंतर्गत प्रक्रिया पूर्ण नाही. म्हणजे सात देश तयार असून काहीच होणार नाही असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नेत्यांना धुलीखेलला नेलं, काठमांडूबाहेरचं डोंगरावरचं गाव, तिथे रिट्रीट म्हणजे कागद नाही, भाषण नाही, नेते आपापसात बोलतात. आणि दुपारी परत आले तर विजेच्या करारावर सह्या झाल्या! समारोपाला मोदी आणि नवाझ शरीफ यांचं हस्तांदोलन झालं तेव्हा आम्ही ऑफिसातले सगळे टीव्हीसमोर उभे होतो, टाळ्या वाजल्या. बाकीचे दोन करार राहिले, आणि मोटार वाहतुकीचा मग २०१५ मध्ये बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ या चौघांनी थिंफूत वेगळा केला.

अजून एक, त्याच काठमांडू जाहीरनाम्यात परिषद इथून पुढे दर दोन वर्षांनी किंवा गरज पडली तर लवकर असं ठरलं. तेव्हा "दरवर्षी" लिहिताना हे पण लिही.

लातूरची_मुलगी:
बापरे, एवढं पुस्तकात नव्हतं, खूप आभार सगळ्यांचे. आता मतदान काढून टाकते आणि आदल्या दिवशी सचिवांची बैठक ठेवते, प्रत्येक गटातला एकजण सचिव. एकच अडलंय, पाकिस्तान गट आत्ताच म्हणतोय की आम्ही शेवटपर्यंत नाहीच म्हणणार, मग माझी परिषद फुकट ना?

काठमांडूत_होतो:
नाही म्हणू दे, तो त्यांचा हक्क आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी एक वेगळी खोली घे, आठ खुर्च्या गोल मांड, चहा ठेव, आत फक्त आठ नेते, सचिव नाही, सर नाहीत, वही-पेन बाहेर. पाऊण तास दार लावून घे. आणि तीन करारांचे मसुदे तयार ठेव, एकच नको, एखादा तरी सुटतो.