पेट ब्लोइंगला (प्लास्टिकच्या बाटल्या हवेने फुगवायला) हवेची टाकी किती लिटरची घ्यावी?

चारकोपकर: कांदिवलीत पहिल्या मजल्यावर गाळा आहे. दोन कॅव्हिटीचं (एका वेळी दोन बाटल्यांचं) मशीन, 1 लिटरची बाटली, तासाला 1500. ब्लो प्रेशर, म्हणजे फुगवायच्या हवेचा दाब, 30 बार. टाकी 500 लिटर, कंप्रेसर 36 बारला कट होतो, पाटीवर 25 सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा). सकाळी आणि चहाच्या सुट्टीनंतर 15-20 मिनिटं माल झकास. मग बुडाचे पाय भरत नाहीत, बाटली टेबलावर डुलते. विक्रेता म्हणतो 1000 लिटरची टाकी लावा. वर चढवायला क्रेन लागेल. घेऊ का?

खटपट्या: डुलायला लागते तेव्हा कंप्रेसर मध्ये थांबतो का?

चारकोपकर: छे, सारखा धडधडत असतो.

खटपट्या: मग टाकीला कशाला दोष देता! 1 लिटरची बाटली 30 बारला फुगवायची म्हणजे बाहेरची हवा 30 लिटर. नळ्या-वॉल्व्हमध्ये वाया जाणारी धरून 35 म्हणू. तासाला 1500 म्हणजे मिनिटाला 875 लिटर. तुमचे 25 सीएफएम म्हणजे मिनिटाला 708 लिटर. मिनिटाला 167 ची तूट. टाकीत 36 ते 30 बारमधली कामाची हवा 6 गुणिले 500, म्हणजे 3000 लिटर. ती 18 मिनिटांत संपते. 1000 ची टाकी घेतलीत तर 36 मिनिटांनी डुलेल, एवढाच फरक. टाकी झटक्याची मागणी सांभाळते, रोजची तूट नाही.

आधी कंप्रेसर तपासा. मशीनकडचा वॉल्व्ह बंद करून टाकी 20 वरून 30 बारपर्यंत भरायला किती वेळ लागतो ते बघा. 5000 लिटर भरायचे, साधारण 7 मिनिटं. 10 लागली तर कंप्रेसरच्या वॉल्व्ह प्लेट गेल्या समजा.

फिटरमामा: स्वस्तात मिळते म्हणून कोणी 10 बारची जुनी टाकी गळ्यात मारेल, तिच्याकडे फिरकू नका. पत्रा जाड, हायड्रो टेस्टचं (पाणी भरून दाबाच्या चाचणीचं) सर्टिफिकेट आणि सेफ्टी वॉल्व्ह, सगळं तुमच्या 36 बारच्या कामाचंच हवं. आणि टाकीखालचा कॉक रोज उघडता ना? आपल्या पावसाळ्यात बादलीभर पाणी निघतं.

चारकोपकर: कॉकचं विचारू नका मामा. 😅 वेळ लावली, 7 मिनिटं 10 सेकंद, म्हणजे कंप्रेसर ठणठणीत. आज मशीन 1150 वर लावलं, दुपारभर एकही डुलली नाही. आता 1500 च हवे असतील तर 40 सीएफएमचा कंप्रेसर बघावा लागेल. क्रेन त्यालाही लागेलच म्हणा.