अनुभव धागा : ट्रोजनने तुमच्या संगणकात नेमकं काय बदललं?

ट्रोजन, म्हणजे कामाचा प्रोग्राम असल्याचं भासवून आत शिरणारा घातक प्रोग्राम, आला कसा, हे सगळेच सांगतात. मेलमधली जोडफाइल, फुकटातलं सॉफ्टवेअर, कुणाचा तरी पेन ड्राइव्ह. या धाग्यात त्याच्या पुढचं हवं आहे. आत शिरल्यावर त्याने कुठे काय फिरवून ठेवलं, तुमच्या ते कशावरून लक्षात आलं, आणि अँटिव्हायरसने "सगळं साफ" म्हटल्यावरही काय तसंच राहून गेलं होतं?

सुरुवात माझ्या जन्माआधीच्या एका प्रकरणाने करतो. १९८९ साली एड्सविषयी माहिती देणारी फ्लॉपी टपालाने वेगवेगळ्या देशांत गेली, सुमारे २०,००० प्रती. तिच्यातली प्रश्नावली खरोखर चालायची. सोबतीला ती ऑटोएक्झेक डॉट बॅट ही फाइल बदलून टाकायची. संगणक सुरू होताना ही फाइल आपोआप वाचली जाते, त्यामुळे संगणक कितव्यांदा सुरू होतोय हे त्या प्रोग्रामला मोजता यायचं. साधारण ९० वेळा झालं की फाइलींची नावं वाचता येईनाशी व्हायची आणि १८९ डॉलर पनामाच्या पोस्ट बॉक्सवर पाठवा म्हणून मागणी यायची. आतल्या मजकुराला हातही लावलेला नसायचा, फक्त नावं गेलेली. पण ज्याला हे ठाऊक नव्हतं त्याला सगळं संपल्यासारखंच वाटलं असणार.

सांगितलेलं काम करून दाखवायचं, पुढच्या वेळी आपोआप सुरू होण्याची सोय लावायची आणि वेळ येईपर्यंत गप्प बसायचं. इतक्या वर्षांत यात फार फरक पडलेला नाही. (वर्म स्वतःहून एका संगणकावरून दुसऱ्यावर जातो. ट्रोजनला कुणीतरी आत घ्यावं लागतं. दोन्ही एकाच गठ्ठ्यात आले तर बिनधास्त लिहा, काटेकोरपणाचं बक्षीस नाही.)

दुकानांची, ऑफिसांची नावं नकोत. तपशील हवेत.

जुनं खोड :

विंडोज ९८चे दिवस. लॅबमधल्या एका संगणकाचा सीडी ट्रे आपोआप बाहेर यायचा आणि आत जायचा. माउसची डावी-उजवी बटणं अचानक उलटी व्हायची. हार्डवेअर गेलं असं ठरवून लोकांनी माउस बदलून पाहिला. नेटस्टॅट (संगणकाची चालू कनेक्शनं दाखवणारी कमांड) चालवल्यावर उलगडा झाला. १२३४५ या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या त्या क्रमांकाच्या दारावर, काहीतरी कान लावून बसलं होतं. तो नेटबस. १९९८ साली आला, पाठोपाठ सब-सेव्हन. दोघांची रीत एकच : एक छोटा प्रोग्राम समोरच्या संगणकात बसवायचा आणि दुसरीकडून तो चालवायचा. एका खेळाच्या फाइलला चिकटून आला होता. खेळही चालायचा बरं का!

बदल एकच, रजिस्ट्रीतल्या (विंडोज आपली सेटिंग जिथे साठवतं ती जागा) 'रन' या नोंदीत वाढलेली एक ओळ. विंडोज सुरू झालं की तिथे लिहिलेलं सगळं सुरू होतं. आजही बरेच ट्रोजन तिथेच जाऊन बसतात. तेव्हा विंडोजमध्ये फायरवॉल नावाचा प्रकारच नव्हता, त्यामुळे दाराशी कुणी अडवायलाही नव्हतं.

कीबोर्डवाली :

पेन ड्राइव्ह लावला की सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले दिसायचे. आठवतंय ना? खरे फोल्डर तिथेच असायचे, फक्त त्यांना 'हिडन' आणि 'सिस्टिम' असे दोन शिक्के मारलेले. शॉर्टकटवर क्लिक केलं की फोल्डरही उघडायचा आणि मागे स्क्रिप्टही चालायची, म्हणून कुणाला संशय येत नसे. अँटिव्हायरस स्क्रिप्ट उडवायचा, शिक्के तसेच. मग लोक म्हणायचे, अँटिव्हायरसने माझे फोटो खाल्ले. 'ॲट्रिब' कमांडने शिक्के काढले की सगळं परत. ही कमांड मला झोपेतही पाठ होती.

स्क्रू ड्रायव्हर :

धागाकर्त्याने विचारलंय तसं नेमकं उदाहरण माझ्याकडे आहे. संगणक दुरुस्ती हेच माझं काम.

गिऱ्हाइकाची तक्रार : अँटिव्हायरसवर डबल क्लिक केलं तर काहीच होत नाही. टास्क मॅनेजर (चालू प्रोग्राम दाखवणारा) उघडत नाही, रजिस्ट्री एडिटर नाही. बाकी सगळं छान. मी त्याच अँटिव्हायरसच्या फाइलचं नाव बदलून भलतंच काहीतरी ठेवलं आणि क्लिक केलं. लगेच उघडला! म्हणजे फाइल धडधाकट, तिच्या नावावर बंदी.

रजिस्ट्रीत 'इमेज फाइल एक्झिक्यूशन ऑप्शन्स' अशी एक जागा आहे. ती प्रोग्रामरांच्या सोयीसाठी. अमुक नावाची फाइल सुरू होताना तिच्याऐवजी आधी हा डीबगर (प्रोग्राममधल्या चुका शोधणारा प्रोग्राम) सुरू कर, असं तिथे लिहिता येतं. ट्रोजनने तिथे नावांची रांग लावली होती. यच्चयावत अँटिव्हायरस, टास्क मॅनेजर, वर रजिस्ट्री एडिटरही, आणि प्रत्येकापुढे डीबगर म्हणून स्वतःचा पत्ता. म्हणजे मालक ट्रोजन शोधायला म्हणून जे उघडेल त्यातून ट्रोजनच चालू होणार. डोकेबाज माणूस, एवढं मान्य करावं लागेल.

पुढे खरी गंमत. ट्रोजनची फाइल उडवली, संगणक पुन्हा सुरू केला, अँटिव्हायरसवर क्लिक केलं, तर विंडोज म्हणतंय फाइल सापडत नाही. फाइल डोळ्यासमोर! सापडत नव्हती ती ट्रोजनची, कारण नोंद अजून तिकडेच बोट दाखवत होती. नोंदी एकेक करून काढल्या तेव्हा सुटलो. त्या आधी काढायच्या आणि मग फाइल, हा क्रम तेव्हापासून पाळतो.

निळाई :

फेब्रुवारी २०१०. एक्सपीचा नेहमीचा महिन्याचा अपडेट आला, संगणक पुन्हा सुरू झाला तो निळ्या पडद्यावर. परत सुरू केला, परत निळा. सेफ मोडही नाही. अपडेटला आम्ही सगळ्यांनी मनसोक्त शिव्या घातल्या. त्या आठवड्यात जगभर हेच चाललं होतं.

कारण निघालं ते वेगळंच. या संगणकांत आधीपासून अल्युरिऑन नावाचा रूटकिट, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात शिरून स्वतःला लपवणारा प्रोग्राम, होता. काहींत कित्येक दिवसांपासून असावा, पण कुणालाच पत्ता नाही. हार्ड डिस्कशी बोलणारा ॲटापी डॉट सिस हा ड्रायव्हर त्याने पोखरला होता. विंडोजच्या गाभ्यातली अमुक गोष्ट अमुक अंतरावर सापडेल हे आकडे त्याने पक्के धरले होते. अपडेटने गाभा बदलला, अंतरं सरकली, आणि रूटकिट भलत्याच जागी पाय टाकून कोसळला. सोबत विंडोजही. इन्स्टॉलेशनच्या सीडीवरून संगणक चालू करून स्वच्छ ॲटापी डॉट सिस आत कॉपी केली तेव्हा आमचा उठला. सीडीवरूनच का, तर विंडोज चालू असताना ती फाइल वाचायला गेलं की रूटकिट मधेच अडवून जुनी, चांगली प्रत दाखवायचा. तपासणाऱ्याला तपासायला मिळायचं तेच खोटं.

रूटकिटवाल्यांनी काही दिवसांतच नव्या गाभ्यावर न कोसळणारी आवृत्ती काढली. विक्रीपश्चात सेवा म्हणतात ती हीच.

मधलं बोट :

माझ्या काकूच्या संगणकावर व्हिडिओ पाहायला म्हणून एक 'कोडेक' बसवला गेला होता. तो निघाला डीएनएस बदलणारा ट्रोजन. साइटचं नाव टाकलं की तिचा आकडी पत्ता कुणाला विचारायचा, ती जागा याने बदलली होती. त्यामुळे नाव बरोबर टाकूनही जायचो भलतीकडे, किंवा पानं तीच पण जाहिराती दुसऱ्याच. मी ट्रोजन काढला आणि विषय संपला असं समजून चाललो. डीएनएसच्या रकान्यात ८५.२५५ने सुरू होणारे आकडे तसेच बसून होते.

नोव्हेंबर २०११मध्ये या टोळीतली माणसं एस्टोनियात पकडली गेली. त्यांचे सर्व्हर लगेच बंद केले असते तर लाखो लोकांचं इंटरनेट एका फटक्यात गेलं असतं, म्हणून न्यायालयाच्या परवानगीने त्या जागी काही महिने स्वच्छ सर्व्हर चालवले गेले. ते ९ जुलै २०१२ला बंद झाले. काकूचा फोन त्याच दिवशी. "अरे, दिवे लागलेत सगळे, पण एक पान उघडेल तर शपथ!" कनेक्शन जिवंत, आकडी पत्त्याला पिंग जातोय, नाव टाकलं की काही नाही. मग तो रकाना उघडला.

राउटरही बघा, असं इथे मुद्दाम सांगतो. या ट्रोजनच्या काही आवृत्त्या राउटरचा कंपनीने दिलेला पासवर्ड वापरून पाहायच्या आणि तिथला डीएनएसही फिरवायच्या. मग संगणक कितीही साफ करा, घरातला फोनसुद्धा चुकीच्या पत्त्यावर जाणार.

फॉरमॅटवादी :

एवढी शस्त्रक्रिया हवीय कशाला? फाइली बाजूला काढा, डिस्क पुसा, विंडोज नव्याने टाका. एक संध्याकाळ जाते, डोक्याचा ताप जातो.

मधलं बोट :

@फॉरमॅटवादी, वर राउटरचं लिहिलंय ते वाचलंत का?

कीबोर्डवाली :

फॉरमॅटवादी, ब्राउझरचं काय करणार? एकीचा संगणक पूर्ण पुसला, नवा टाकला, तिने ब्राउझरमध्ये लॉगिन केलं, आणि शोधपान बदलणारं तेच एक्स्टेन्शन सिंकमधून आपल्या पायांनी परत आलं. आम्ही दोघी नुसत्या बघत बसलो.

फॉरमॅटवादी :

बरं, राउटर आणि सिंक मान्य. उरलेल्यासाठी फॉरमॅटच. रूटकिट असेल तर चर्चाच नको.

अर्धं सफरचंद :

मॅकवाले वाचले असं समजू नका. २०११मध्ये फ्लॅशबॅक आला तो फ्लॅश प्लेयरचा इन्स्टॉलर बनून. २०१२त त्याच्या पुढच्या आवृत्तीने जावातलं भोक वापरलं, इन्स्टॉलरची गरजही उरली नाही. सुमारे ६ लाख मॅक. आमचा त्यात होता. कळलं केव्हा? बातमी वाचून तपासणारी कमांड चालवली तेव्हा. लक्षण म्हणाल तर शून्य.

पंखा :

नवीन काळातलं एक. संगणक रिकामा असताना पंखा विमानासारखा ओरडायचा. टास्क मॅनेजर उघडला की चिडीचूप, प्रोसेसर २ टक्क्यांवर. बंद केला की थोड्या वेळाने परत. टास्क मॅनेजर उघडा आहे का हे बघूनच ते काम थांबवत होतं. क्रिप्टो नाण्यांची खाण, म्हणजे माझ्या प्रोसेसरवर दुसऱ्याला नाणी कमावून देणारी आकडेमोड. मी तापमानाची नोंद ठेवणारा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवला आणि सकाळी आलेख पाहिला. मी झोपल्यावर तापमान चढलं होतं आणि माउस हलवल्याच्या मिनिटाला धपकन खाली.

सापडलं टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या यादीत. ब्राउझर अपडेटसारखं नाव, पण फाइल भलत्याच फोल्डरमध्ये. ते काढलं. मग विचार आला, डिफेंडरला (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) हे दिसलं कसं नाही? त्याच्या एक्सक्लूजनच्या यादीत, म्हणजे तपासू नये अशा जागांत, अख्खा सी ड्राइव्ह. डिफेंडर चालू, वर हिरवी खूण, रोज तपासणीही होत होती. कशाची, ते विचारू नका. ही यादी फार कमी लोक उघडून बघतात. खाण काढून टाकली आणि ती ओळ राहिली, तर पुढच्या पाहुण्यासाठी दार सताड उघडंच.

रात्रपाळी :

वाचून मजा आली, पण माझं प्रकरण या धाग्यात बसत नाही. माझ्या संगणकात काहीच बदललं नव्हतं.

भावाने खेळासाठी कसलीशी मॉड फाइल उतरवली. पासवर्ड असलेली झिप, पासवर्ड शेजारीच लिहिलेला. (पासवर्ड कशासाठी, तर आत काय आहे ते स्कॅनरला उघडून पाहता येऊ नये म्हणून.) चालवली, एक एरर आली, खेळात काही फरक नाही. त्याने ती पुसली. दुसऱ्या दिवशी त्याच्या मेलवरून ओळखीच्यांना भलतेसलते निरोप. दोन टप्प्यांचं लॉगिन होतं, कोड मागणारा मेसेज आलाच नाही.

रन नोंद स्वच्छ, शेड्युलर स्वच्छ, एक्सक्लूजन रिकामं. ते काही सेकंद चाललं, ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि कुकी उचलल्या आणि निघून गेलं. कुकी म्हणजे कार्यक्रमाच्या दारात हातावर मारतात तो शिक्का. एकदा तपासून आत सोडलं की परत कुणी तिकीट मागत नाही. तो शिक्काच उचलला तर पासवर्ड काय आणि कोड काय. आम्ही आधी त्याच संगणकावरून पासवर्ड बदलायला बसलो होतो, ओळखीच्या एकीने ओरडून थांबवलं. दुसऱ्या संगणकावरून आधी सगळीकडून लॉगआउट, मग पासवर्ड, मग मेलमधले फॉरवर्डचे नियम. त्या नियमांत एक अनोळखी पत्ता सापडला. तेव्हा बदल झाला होता म्हणायचा, पण आमच्या संगणकात नाही, खात्यात.

धागाकर्ता :

रात्रपाळी, बसतं की! मीच प्रश्न 'संगणकात' असा विचारला, हा त्याचा तोकडेपणा. खात्यांतले बदलही येऊ द्या.

स्क्रू ड्रायव्हर :

रात्रपाळीच्याच जातीचं एक, गेल्या वर्षीचं. २०२४पासून हा प्रकार भरपूर दिसतोय. एका पानावर "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा" अशी चौकट. नेहमीसारखी चित्रं नाहीत. विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. मधल्या काळात पानाने क्लिपबोर्डमध्ये गुपचूप कमांड भरलेली असते, ती रन खिडकीत चिकटते आणि एंटरने चालते. मालकाने स्वतःच्या बोटांनी चालवलेली, त्यामुळे फाइल उतरवली, इशारा आला, असं काही घडतच नाही.

गिऱ्हाईक ठामपणे सांगत होतं, मी काहीच डाउनलोड केलेलं नाही. खरंच होतं ते. पण रन खिडकीत टाकलेलं विंडोज लक्षात ठेवतं, रजिस्ट्रीत 'रनएमआरयू' नावाखाली. तिथे ती कमांड जशीच्या तशी सापडली. सुरुवातीला पॉवरशेल (विंडोजचा कमांड चालवणारा प्रोग्राम) आणि एक लांबलचक पत्ता, शेवटी टिप्पणी म्हणून "मी रोबोट नाही" आणि पडताळणीचा कसलासा क्रमांक, सगळं इंग्रजीत. रनची चौकट अरुंद, चिकटवल्यावर ओळीचं शेपूट तेवढं दिसतं. गिऱ्हाइकाला दिसला होता तो फक्त क्रमांक.

त्या पत्त्यावरून काय उतरलं ते माझ्याकडे संगणक येईपर्यंत निघून गेलेलं होतं. म्हणून रात्रपाळीने लिहिलेल्या क्रमानेच गेलो : दुसरा संगणक, लॉगआउट, पासवर्ड, मेलचे नियम. विंडोज नव्याने टाकलंच. फॉरमॅटवादी, खूश?