मदत हवी आहे: सुदानमधल्या हॉस्पिटलसाठी औषधं पाठवायची आहेत

नमस्कार मंडळी,

आमच्या वरच्या मजल्यावर एक सुदानी मुलगा राहतो, पुण्यात फार्मसी शिकतो. घर ओमदुरमनला. १५ एप्रिल २०२३ ला तिथे सैन्य आणि आरएसएफ (तिथलं निमलष्करी दल) यांच्यात युद्ध पेटलं, तेव्हापासून त्याचा जीव टांगणीला आहे. आईचं डायलिसिस. आठवड्यातून तीनदा हवं, पण सामानच नसेल तर करणार काय?

आम्ही सोसायटीत औषधं गोळा केली. काल रात्री खोकं उघडून बसलो तर निम्म्या पट्ट्यांची मुदत चार-पाच महिन्यांत संपतेय. दोन पट्ट्या तर अशा कापलेल्या, की नावच गेलंय. डब्ल्यूएचओच्या दान-नियमांप्रमाणे तिथे पोहोचल्यावर साधारण वर्षभर तरी मुदत शिल्लक हवी. इन्सुलिनला तर २ ते ८ अंश तापमान लागतं, बर्फाच्या पिशवीवर ते कुठवर टिकणार! लोकांनी मनापासून दिलंय हो, पण हे खोकं पाठवू नये असंच मला वाटतं.

तिथल्या अल-नाओ हॉस्पिटलला डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सची मदत आहे, हे माहीत आहे. तर, इथून फक्त सुदानसाठी म्हणून पैसे देता येतात का? बँकेत कोणते कागद लागतात? डायलिसिसचं सामान पोर्ट सुदानमार्गे कुणी पाठवलंय का? रेड क्रॉस किंवा अशा संस्थेत काम केलेलं कुणी असेल तर कृपया सांगा. त्याला उद्या काहीतरी ठोस सांगायचंय.