विष देणाऱ्या बाईला झोडपण्याआधी

कसबेकरीण
लंडनमधली १७९१ सालची औषधवाली छळलेल्या बायकांना गुपचूप विष विकते आणि आजची एक बाई तिचा माग काढते, या कादंबरीला काल इथे ‘खुनाचं उदात्तीकरण’ म्हटलं गेलं. शिवाय ‘नवऱ्याला सोडून जायचं होतं.’ कुठे जायचं? इंग्लंडात कोर्टातून घटस्फोट १८५७ च्या कायद्यानंतर. त्यातही नवऱ्याचा नुसता व्यभिचार सिद्ध करून बाई सुटत नसे, जोडीला क्रौर्य वगैरे दाखवावं लागे. आणि आपल्या रखमाबाई? नांदायला नकार दिला म्हणून १८८७ साली मुंबई हायकोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात.

पर्वतीपायथा
ते मीच लिहिलं. कायदा वाईट होता म्हणून पुडी बांधून देणारी देवी होत नाही. आणि आजच्या बाईचे भाग इतके पातळ आहेत की मी पानं उलटत जुन्या काळात परत जात होतो.

वाडाप्रेमी
विष म्हटलं की बाईच का आठवते? बडोद्यात १८७४ साली इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, रेसिडेंट फेअर, याच्या सरबतात सोमल घातल्याचा आरोप तिथले महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर होता. पण शनिवारवाड्यात पाहुणे नेले की आपण खलनायिका म्हणून आनंदीबाईच दाखवणार. नारायणरावांवर तलवार चालवली गारद्यांनी, रामशास्त्र्यांनी दोषी धरलं राघोबादादांना!

पर्वतीपायथा
म्हणजे आनंदीबाई निर्दोष? आमच्याकडे पिढ्यानपिढ्या ऐकत आलोय.

वाडाप्रेमी
ऐकीव गोष्टीवर एका बाईला अडीचशे वर्षं फासावर लटकवलंत. समकालीन कागद दाखवा, नाहीतर गप्प बसा.

पर्वतीपायथा
भाषा सांभाळा. धागा कादंबरीचा आहे.

मुठाकाठ
मल्हाररावांचंही अर्धंच सांगू नका. त्या आरोपाच्या चौकशी आयोगातल्या तिन्ही इंग्रजांनी दोषी म्हटलं, तिन्ही हिंदी सदस्यांना आरोप सिद्ध वाटला नाही. गादी गेली ती गैरकारभाराचं कारण देऊन.

कसबेकरीण
माझ्या आजीच्या धाकट्या जावेला नवरा रोज मारायचा. तिनं विष आणलं ते स्वतःसाठी. वाचली, आणि वाड्यात सांगितलं गेलं की पोट बिघडलं होतं. चार भिंतींत सगळ्यांना माहीत होतं, एकानंही त्याचा हात धरला नाही. म्हणून ती औषधवाली मला खुनी म्हणून झटकता येत नाही.

पर्वतीपायथा
‘सोडून जायचं होतं’ हे मागे घेतो. उदात्तीकरणाचं नाही. त्या पुड्यांनी कोण मेलं याचा हिशेब लेखिकेनं मांडायलाच हवा होता.

कसबेकरीण
मांडावा. मारणाऱ्या नवऱ्यांचाही त्याच वहीत मांडावा.