पॅकेट, पाकीट, पुडकं की नग?

तळटीप

मंडळी, एका वाक्यावर चार दिवस अडून बसले आहे.

मुलांच्या एका मासिकासाठी लेख मराठीत करतेय. निरोप तुकड्यातुकड्यांनी जाळ्यातून कसा जातो, हा विषय. त्यात डोनाल्ड डेव्हिसची गोष्ट येते. इंग्लंडात टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत १९६५ साली तो या कल्पनेमागे लागला होता. लांब निरोपाचे ठरावीक मापाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालायचा आणि वाट मोकळी मिळेल तसा एकेक सोडायचा. अमेरिकेत रँड या संशोधनसंस्थेत पॉल बॅरननं हेच आधी मांडलं होतं, त्याचे अहवाल १९६४चे. डेव्हिसला हे नंतर कळलं. गंमत म्हणजे दोघांनीही तुकडा १०२४ बिटांचाच धरला होता. पण बॅरन त्याला 'मेसेज ब्लॉक' म्हणायचा, आणि डेव्हिसला काहीतरी सुटसुटीत हवं होतं. त्यानं चक्क एका भाषातज्ज्ञाला विचारून 'पॅकेट' हा शब्द ठरवला. का, तर दुसऱ्या भाषांत त्याचं भाषांतर सहज होईल म्हणून!

आता याच वाक्यात मी 'पॅकेट' लिहिलं तर वाक्य तिथल्या तिथे खोटं पडतं. फ्रेंचांनी 'पाके' केलं, स्पॅनिशवाल्यांनी 'पाकेते'. आपण काय करायचं? मी 'पुडकं' लिहून पाहिलं. सासूबाईंनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाल्या, "पुडकं वाण्याकडून येतं गं, अमेरिकेतून नाही."

दुसरी अडचण त्याच लेखात. बॅरनच्या पद्धतीला 'हॉट पोटॅटो' म्हणतात. हातात आलेला तुकडा जवळ ठेवायचा नाही, लगेच पुढे द्यायचा. 'गरम बटाटा' लिहिलं तर मुलं हसतील. सुचवा.

खडूफळा

पुडकं चांगला शब्द आहे, सोडू नका. पुडा, पुडी, पुडकं हे सगळं संस्कृत 'पुट'वरून आलेलं, घरचं. फक्त 'पुडी' टाळा. "राउटरनं पुडी सोडली" असं कुणी लिहिलं तर मराठी वाचक अफवाच समजणार.

रात्रपाळी

आणि तंबाखूची पुडी विसरलात. आमच्या सर्व्हर रूममध्ये दोन्ही पुड्या सुटतात.

पुडा घेतलात तर साखरपुडा फुकट मिळतो. टीसीपी, म्हणजे दोन कॉम्प्युटरांनी आपसांत बोलायचा नियम; त्याची जोडणी तीन निरोपांत होते: "येऊ का?", "या, मी पण येऊ का?", "या." मग खरी देवाणघेवाण सुरू. याला 'हँडशेक' म्हणायची काय गरज होती?

संपुट

सदस्यनामावरून ओळखलं असेलच. माझं मत: 'संपुट'. 'पुट' मुळात आहेच, आणि यात एक नेमकेपणा आहे जो पुडक्यात नाही. सप्तशतीचा संपुटित पाठ ज्यांनी ऐकला आहे त्यांना लगेच कळेल. प्रत्येक श्लोकाच्या आधी आणि नंतर ठरलेला मंत्र म्हणतात, मूळ श्लोक मध्ये सुरक्षित. पॅकेटचं हेच आहे. आतला मजकूर कुणी हलवत नाही, बाहेरून वेष्टन चढतं आणि उतरतं.

रात्रपाळी

उपमा आवडली, पण हिशेब पाहा. आयपीला, म्हणजे पत्ता घालून पॅकेट धाडायच्या नियमाला, फक्त पुढचाच मंत्र आहे, किमान २० बाइटांचा, मागे काही नाही. दोन्हीकडून मंत्र म्हणतो तो इथरनेट, आयपीच्या खालचा, प्रत्यक्ष तारेवरचा नियम: पुढे १४ बाइट, मागे ४. आणि तो पॅकेट नाही, फ्रेम. म्हणजे तुमचं संपुट एक मजला खाली राहतं.

संपुट

मजला खाली तर खाली, मराठीत तर राहतं. 'दिनांक', 'क्रमांक', 'महापौर' हे शब्द आले तेव्हाही लोक हसलेच होते. आज कुणाला परके वाटतात? पारिभाषिक शब्दाला पन्नास वर्षं वापर द्यावा लागतो.

मांजरपाट

पन्नास वर्षं? तळटीपताईंना पंधरवड्यात लेख द्यायचा असेल हो.

शिवाय घडवलेले सगळेच शब्द टिकत नाहीत. 'अग्निरथ'नं प्रवास केलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. लोक म्हणतात तो शब्द. लोक काय म्हणतात? पॅकेट. "पॅकेट लॉस होतोय." संपलं.

एकनग

मी इथे फारसा लिहीत नाही, पण हे आमच्या धंद्यातलं निघालं म्हणून.

वडिलांचं इचलकरंजीत ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं. कापडाच्या गाठी, सुटे खोके, पोती, काहीही असो, आमच्याकडे सगळे 'नग'. एका व्यापाऱ्याचा माल नागपूरला जायचा असला की पत्र्याचा स्टेन्सिल ठेवून काळ्या रंगानं प्रत्येक नगावर मार्का मारायचा: पार्टीची दोन अक्षरं, खाली गाव, त्याखाली १/७, २/७ असं ७/७ पर्यंत. रंग ओला असताना गाठ उचलली की पार्टीची अक्षरं हमालाच्या पाठीवर उमटायची.

एका ट्रकमध्ये जागा नसली तर चार नग आज, तीन उद्या. पाचवा तिसऱ्याच्या आधीही पोचायचा. मधल्या गोदामात कुणी सात जुळवत बसत नसे, ते काम नागपूरच्या माणसाचं. त्याला ६/७ दिसला नाही की आमचा फोन वाजलाच.

मुलगा नेटवर्किंग शिकतो. त्याचं पुस्तक चाळताना मला काहीच नवीन वाटलं नाही. पॅकेट म्हणजे नग. हेडर म्हणजे मार्का. कुणी हेडरला बिल्टी (मालाची पावती) म्हणू नका, बिल्टी वेगळी जाते. मार्का मालाच्या अंगावर असतो.

तळटीप

एकनग, हे फारच सुंदर आहे. हमालाची पाठ मी चोरणार आहे.

संपुट

हिशेब जुळतो, मान्य. पण 'नग'चा संस्कृत अर्थ माहीत आहे का? पर्वत. न गच्छति इति नगः. जो जात नाही तो! सेकंदात समुद्र ओलांडणाऱ्या वस्तूला 'न जाणारा' म्हणायचं?

मांजरपाट

आमच्या सोसायटीचं वायफाय पाहिलंत तर व्युत्पत्ती पटेल.

कोकणकडा

एवढी डोकेफोड कशाला? पॅकेट मराठीत कधीच आलंय की. पाकीट! पगाराचं पाकीट, आहेराचं पाकीट. वर नाव, आत ऐवज. नेणारा नाव वाचतो, आत किती आहे ते बघत नाही (निदान बघू नये). डेव्हिसची अट पुरी झाली. फ्रेंचांचं 'पाके', आपलं 'पाकीट'.

खडूफळा

पाकीट 'पॅकेट'वरून नाही, 'पॉकेट'वरून आलंय. पाकीटमार काय मारतो? खिशातलं. नाहीतर तो पोस्टमन लुटताना दिसला असता.

कोकणकडा

छे. 'जॅकेट'चं काय झालं? जाकीट. तसंच 'पॅकेट'चं पाकीट. ॅ चा आ, शेवटी ईट. सरळ नियम.

खडूफळा

'ऑफिस'चं हापिस, 'डॉक्टर'चं डाक्टर. ऑ चाही आ होतो. तुमच्या नियमानं दोघांनाही वाट मोकळी. शेवटच्या ईटचं म्हणाल तर 'टिकेट'चं तिकीट झालंच आहे, तिथं ना ॅ ना ऑ. म्हणजे 'ईट'वरून काहीच ठरत नाही.

कोकणकडा

अर्थ बघा की मग. माझ्या आजोबांकडे टपालानं आलेलं ते 'पाकीट', आणि पैसे ठेवायचं ते 'बटवा'. खिशाशी संबंध नंतर आला.

खडूफळा

तुमच्या आजोबांकडे. माझ्या आजोबांचं पाकीट कायम कोटाच्या आतल्या खिशात.

निवृत्त_ट्रंकवाला

आजोबांवरून आठवलं. माझी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. आमच्यात नग नव्हता, पुडकं नव्हतं, 'लाइन' होती. ट्रंक कॉल लागला की या टोकापासून त्या टोकापर्यंत तार त्या दोघांची. बोला नाहीतर नुसते श्वास ऐकवा, तिसऱ्याला ती मिळत नसे. दिवाळीत पलीकडून "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का" याच्यातच तीन मिनिटं संपायची आणि त्या वेळात दुसरे दहाजण ताटकळलेले. डेव्हिसला खुपलं ते नेमकं हेच. कॉम्प्युटरवर बसलेला माणूस मध्येच एखादी ओळ धाडतो, मग विचार करत बसतो. त्याच्यासाठी अख्खी लाइन अडवून ठेवायची म्हणजे लग्नाचा हॉल घेऊन त्यात एकट्यानं चहा पिणं.

पुढे १९७६ साली एक्स.२५ हा पॅकेटच्या जाळ्यांचा नियम आला तेव्हा टेलिफोनवाल्यांनी स्वभावाप्रमाणे मधला मार्ग काढला. तुकडे करा, पण आधी वाट ठरवा आणि सगळे तुकडे त्याच वाटेनं ओळीत जाऊ द्या. फ्रान्समध्ये लुई पूझँ हा संगणकतज्ज्ञ उलट म्हणत होता: वाट ठरवूच नका, प्रत्येक तुकडा स्वतंत्र. त्याला ते 'डेटाग्राम' म्हणत, डेटा अधिक टेलिग्राम. एकनगांचे पाच आणि तीन उलटे पोचतात ते या मताचे. शेवटी जिंकलेही तेच.

म्हणून मी म्हणतो, 'तार'. आपली तार २०१३ मध्ये बंद झाली, शब्द मोकळा पडलाय. 'विदातार' करा.

मांजरपाट

'विदा'? डेटाला विदा म्हणणं मला आजवर पचलेलं नाही. "विदा मिळाला" वाचलं की सनई ऐकू येते आणि मुलगी गाडीत बसते.

संपुट

ती हिंदी सनई आहे. 'विद्' म्हणजे जाणणे. हा शब्द मराठी संकेतस्थळांवरच रुळला, याचा तरी अभिमान बाळगा.

रात्रपाळी

विद्-वादात पडत नाही. एक मात्र सांगतो. 'ॲक्नॉलेजमेंट'ला आपल्याकडे 'पोच' हा इतका चोख शब्द आहे की इंग्रजीनं उसना घ्यावा. टीसीपी प्रत्येक पाठवणीची पोच मागतं, आली नाही तर पुन्हा पाठवतं. यूडीपी या त्याच्या भावंडाला पोच नाही. दोन्ही अर्थांनी.

'हॉप'ला 'टप्पा' वापरा. प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो, लिनक्सवर साधारण ६४ पासून सुरू. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झालं की पॅकेट तिथेच फेकायचं आणि पाठवणाऱ्याला कळवायचं. नाहीतर वाट चुकलेलं पॅकेट जाळ्यात भुतासारखं फिरत राहील. रात्री दोन वाजता मी हेच टप्पे मोजत असतो.

कोकणकडा

टप्प्यावरूनच 'टपाल' आलं असणार. टप्प्याटप्प्यानं येतं ते टपाल.

खडूफळा

असणार? आधी पाकीट, आता टपाल. पुरावा?

कोकणकडा

कानाला पटतं.

खडूफळा

कानाला 'पॉकेट'ही पटतं.

निवृत्त_ट्रंकवाला

तुकड्याच्या मापावरून आठवलं. पुढे एटीएम नावाच्या जाळ्याचा (पैशाचं मशीन नव्हे) तुकडा आला, त्याचं नाव 'सेल'. त्यात मजकूर किती ठेवायचा यावर युरोप म्हणे ३२ बाइट, अमेरिका म्हणे ६४. भाजीबाजारात तोडतात तसा भाव तोडला: ४८. वर ५ चं हेडर, एकूण ५३. कुठल्याही इंजिनिअरनं स्वप्नातसुद्धा निवडला नसता असा आकडा.

त्या 'सेल'ला मराठीत काय म्हणाल? पेशी? कोठडी?

मांजरपाट

महाबचत.

तळटीप

बटाट्याकडे कुणी बघतंय का?

एकनग

टोलवाटोलवी?

रात्रपाळी

नको. टोलवाटोलवीत फाइल कुठेच पोचत नाही. बॅरनच्या जाळ्यात प्रत्येक ठाण्याकडे तक्ता असतो, कुठल्या लाइननं जवळ पडतं त्याचा. सगळ्यात जवळची मोकळी असेल तर तिनं, ती अडली असेल तर दुसरी. बटाटा हाताला भाजतो म्हणून घाई आहे, पण डोळे उघडे आहेत. हल्ली हा शब्द थोडा वेगळा वापरतात: दुसऱ्या कंपनीकडे जाणारी वाहतूक आपल्या जाळ्यात कमीत कमी फिरवून जवळच्या दारातून तिच्या गळ्यात मारायची. तिथं टोलवाटोलवी चालेल.

खडूफळा

'हातोहात'. घागरी हातोहात पोचवतात तसं. त्यात लगेच हाही अर्थ आहे.

संपुट

वा! पहिल्यांदाच आपलं एकमत.

खडूफळा

फार खूश होऊ नका, 'संपुट'ला माझा विरोध कायम आहे.

तळटीप

लेख छापून आला. मी 'नग' ठेवला होता, मार्का ठेवला होता, हमालाची पाठही ठेवली होती. संपादकांनी सगळीकडे 'पॅकेट' केलं, "मुलांना परीक्षेत हाच शब्द येणार" म्हणून. त्यामुळे आता छापील वाक्य असं आहे: 'इतर भाषांत सहज भाषांतर होईल म्हणून डेव्हिसनं "पॅकेट" हा शब्द निवडला, आणि आज आपणही त्याला पॅकेटच म्हणतो.'

'हातोहात' मात्र राहिलं. शेजारी बटाट्याचं चित्र आहे. का आहे ते लेखात कुठेच नाही.

कोकणकडा

बटाटा पोर्तुगीज. यावर तरी वाद नसावा.

खडूफळा

बटाट्यावर नाही. जाकिटावर आहे. 'रॅकेट'चं राकीट का नाही झालं, ते सांगा आधी.